पूल मोकळा आहे

दर वर्षी एप्रिल उजाडला की सिअ‍ॅटलच्या पूर्वेकडच्या बेलव्ह्यू, रेडमंड, कर्कलंड या गावांत मराठी वडील उतरू लागतात. सहा महिन्यांचा मुक्काम, बॅगेत भाजणी आणि मेतकूट, आणि करायला काम काही नाही. यांचे साधारण तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार दुकानात कोथिंबिरीच्या जुडीला डॉलरच्या भावाने गुणतो आणि जुडी परत ठेवतो. दुसरा रिकाम्या खोल्यांतले दिवे मालवत घरभर फिरतो. हे दोन्ही निरुपद्रवी. तिसरा प्रकार दुर्मीळ आणि घातक. जन्मभर जी नोकरी केली ती हा माणूस परदेशात, बिनपगारी का होईना, पुन्हा मिळवतो. आमच्या संकुलातले नाना या तिसऱ्या प्रकारातले.

नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बरीचशी नोकरी पनवेलला झाली. मुंबईहून सुटलेली गाडी पनवेलला कधी येईल ते सांगणं हे त्यांचं काम, आणि ते कुणालाच सांगता येत नाही ही त्या कामातली मेख. गाडी वाशीच्या खाडीपुलावर अडकली, तर ती अडकलीय की परस्पर समुद्रात गेलीय, हे खिडकीत बसलेल्या माणसाला कळायला त्या काळी मार्ग नव्हता. कोकणात निघालेली माणसं पिशव्या, पोरं आणि वळकट्या घेऊन खिडकीशी यायची. ‘साहेब, गुहागर कुठाय?’ नाना लॉगशीटवरून मान वर न करता म्हणायचे, ‘येतेय.’ या एका शब्दावर त्यांनी निवृत्तीपर्यंत मजल मारली.

अशा माणसाच्या हाती मुलाने टॅब्लेट दिला आणि वॉशिंग्टन राज्याच्या परिवहन खात्याचे रस्त्यांवरचे कॅमेरे उघडून दाखवले. बाबांचा वेळ जावा, एवढाच त्याचा हेतू. महामार्गाचा नंबर आणि चौकाचं नाव निवडलं की तिथलं छायाचित्र समोर येतं आणि दर काही मिनिटांनी बदलतं. नाना बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, ‘म्हणजे पुलावर काय चाललंय ते घरबसल्या दिसतं?’

‘हो.’

‘आणि हे कुणालाही दिसतं?’

‘हो, फुकट.’

‘अरे, मग खिडकीत बसून आम्ही काय केलं?’

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला कंट्रोल रूम सुरू झाली.

इथला भूगोल नानांच्या पथ्यावर पडणाराच आहे. तळ्याच्या अलीकडे आमची घरं, पलीकडे शहर. लेक वॉशिंग्टन उत्तर-दक्षिण पस्तीसेक किलोमीटर लांब, आणि ते ओलांडायला वाटा दोनच. उत्तरेला ५२० नंबरच्या रस्त्यावरचा टोलचा पूल, दक्षिणेला आय-९० वरची बिनटोलची वाट. तिसरा पर्याय म्हणजे तळ्याला वळसा. पूल दोन्हीकडचे तरंगते. तळं सुमारे २०० फूट खोल आणि खाली मऊ गाळ, तेव्हा खांब उभे करायचे कशावर? म्हणून काँक्रीटच्या पोकळ पेट्या पाण्यावर सोडल्या, नांगर टाकून जागच्या जागी धरल्या आणि त्यांच्या आधाराने रस्ता नेला. ५२० चा नवा पूल एप्रिल २०१६ मध्ये उघडला. ७७ पेट्या, लांबी ७,७०८ फूट. तरंगत्या पुलांत जगात सर्वांत लांब. हे सगळं ऐकून नाना म्हणाले, ‘पाण्यावर नुसता ठेवलाय आणि वर टोल घेतात?’

टोलचा दर वेळेप्रमाणे बदलतो, गर्दीच्या वेळी जास्त, हे कळल्यावर तर ते उभेच राहिले. ‘दिवाळीत एसटीने जरा भाडं वाढवलं की पेपरवाले आम्हाला सोलून काढायचे. इथे रोज सकाळ-संध्याकाळ दिवाळी!’ आय-९० बद्दल मात्र त्यांना जिव्हाळा वाटू लागला. तिथला जुना पूल २५ नोव्हेंबर १९९० रोजी, दुरुस्ती चालू असताना, वादळात बुडाला होता. ‘दुरुस्तीच्या काळात बुडाला ना? मग आपल्यातलाच आहे.’

कंट्रोल रूमचा दिवस पहाटे चारला सुरू होई. पहिले काही दिवस जेटलॅगचं कारण होतं, पुढे कर्तव्याचं. नानांनी वही आखली. वेळ, कॅमेरा, पूल, हवामान आणि शेरा असे रकाने. शेऱ्याच्या रकान्यात ‘सुरळीत’, ‘मंद’ आणि ‘बोंब’ हे तीनच शब्द येत. मंगळवार ते गुरुवार लोक ऑफिसला जातात आणि सोमवार-शुक्रवारी घरून काम करतात, हे त्यांनी कुणालाही न विचारता वहीवरून ताडलं. ‘म्हणजे आठवड्यात बाजार तीनच दिवस भरतो,’ असा त्यांनी निष्कर्ष काढला. लेन्सवर पावसाचे थेंब असले तरी दिव्यांच्या लाल ठिपक्यांवरून रांग कुठवर आलीय ते त्यांना सांगता यायचं.

त्यांचा मुलगा आणि मी एकाच गाडीतून शहरात कामाला जायचो. साडेसातच्या सुमारास फोनवर संदेश यायचा: ‘रेडमंड-सिअ‍ॅटल, ५२० मार्गे, विनाथांबा. पूल मोकळा आहे. त्वरित निघावे.’ आम्ही त्वरित निघायचो. इथे कॅमेऱ्याची गंमत सुरू होते. कॅमेरा आत्ताचा पूल दाखवतो. आपण पुलाशी पोहोचणार पाव तासाने किंवा वीस मिनिटांनी. घरात बसून जो मोकळा दिसला तो तेवढ्यात भरलेला असतो, आणि जो भरलेला दिसला म्हणून आपण टाळला, तो आपण दुसऱ्या पुलावर अडकेपर्यंत रिकामा होतो. ही अडचण नानांना लगेच कळली. पण आगारातली शिस्त अशी की गाडी उशिरा आली तर चूक गाडीची, वेळापत्रकाची नव्हे. आम्ही पुलावर अडकून फोन केला की पलीकडून आवाज यायचा, ‘तुम्ही चहाला दोन मिनिटं जास्त घेतलीत.’

यश माणसाला स्वस्थ बसू देत नाही. नानांनी तोच संदेश संकुलातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. ‘पूल मोकळा आहे’ असं वाचताच सगळी मराठी माणसं एकाच क्षणी गॅरेजची दारं उघडू लागली. महामार्गावर चढायच्या रॅम्पवर सिग्नल असतो आणि एका हिरव्याला एकच गाडी सुटते. तिथे आमची रांग लागली. एरवी गणपतीतसुद्धा न भेटणारे लोक काचा खाली करून एकमेकांची विचारपूस करू लागले. नानांनी वहीत नोंद केली: ‘रॅम्पवर बोंब. कारण अज्ञात.’

हे सगळं आम्ही सोसलं असतं. खरा घात झाला तो संध्याकाळी. सिअ‍ॅटलच्या माणसाला उशिराचं कारण शोधावं लागत नाही. दोन पूल ती सोय करून देतात. ‘पुलावर अडकलो होतो’ या वाक्यावर इथले कित्येक संसार सुखाने चाललेत. त्या सोयीवर नानांनी घाला घातला. मुलगा दारात बूट काढता काढता म्हणाला, ‘आज काय ट्रॅफिक होता बाबा!’ नानांनी वही उघडली. ‘सव्वासहा, ५२०, सुरळीत. साडेसहा, सुरळीत. आय-९०, मंद, पण तू तिकडून येत नाहीस. बोल.’ सूनबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. त्या दिवसापासून कंट्रोल रूमला चहा वेळेवर मिळू लागला. काकूंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, मात्र एका वाक्यात जुना हिशेब चुकता केला, ‘पनवेलला असताना स्वतः एक दिवस वेळेवर घरी आला नाहीत.’

मुलाने बाजू सावरायचा प्रयत्न केला. मॉन्टलेकचा उघडता पूल वर गेला असेल, असं म्हणाला. १९२५ सालचा हा पूल जहाजं आणि शिडाच्या होड्या जाव्यात म्हणून मधोमध दुभंगून वर उचलला जातो, आणि तेवढा वेळ दोन्हीकडच्या गाड्या तिष्ठत राहतात. पण नानांचा अभ्यास पक्का. ‘कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळेला होड्यांसाठी तो उघडत नाहीत. दुसरं काही सांग.’

गणेशोत्सवात तर कहरच झाला. प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता. सूत्रसंचालकाने तिसऱ्यांदा माइक हाती घेतला आणि पाहुणे पुलावर अडकल्याचं सांगितलं. तिसऱ्या रांगेतून नाना फोन हातात धरून उठले. ‘दोन्ही पूल मोकळे आहेत. मी आत्ताच पाहिलं.’ सभागृहात शांतता पसरली. चौकशीअंती कळलं की पाहुणे बेलव्ह्यूलाच राहतात, तळ्याच्या याच बाजूला, आणि अजून घरीच धोतर नेसतायत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या दिवसापासून नानांच्या आसपास कुणी ‘ट्रॅफिक’ हा शब्द उच्चारेना.

एवढ्या खटाटोपात आमचा वेळ वाचला का? मुळीच नाही. एक गोष्ट मात्र नानांमुळे समजली. कधी निघावं हे कॅमेरा सांगू शकत नाही. आज कुठून जाऊ नये हे तो चोख सांगतो. अपघात, बंद पडलेला ट्रक, कामासाठी शनिवार-रविवार अख्खा पूल बंद, असलं काही असलं की एका चित्रात कळतं. उरलेल्या सकाळी पूल जसा असतो तसाच असतो. वेळ खरोखर वाचला तो निराळ्याच कारणाने, आणि त्यात कॅमेऱ्याचा संबंध नव्हता.

५२० वर एक राखीव मार्गिका आहे. गाडीत किमान तीन माणसं असतील तरच तीत शिरता येतं. टोल सुटत नाही, पण रांग सुटते. आम्ही दोघे रोज त्या मोकळ्या मार्गिकेकडे पाहत बाजूला सरपटत असायचो. सगळ्या कॅमेऱ्यांत ती नानांनाही दिसत होती. एके दिवशी त्यांनीच विचारलं, ‘ही कडेची रिकामी कशी? जादा गाड्यांसाठी ठेवलीय का?’ आम्ही नियम सांगितला. नानांनी आम्हा दोघांकडे पाहिलं, बोटांवर मोजलं आणि खोलीत जाऊन बूट घातले.

तेव्हापासून नाना आमच्याबरोबर येऊ लागले. दिवसभर शहरातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात दहाव्या मजल्यावरच्या वाचनाच्या खोलीत बसायचं, काकूंनी दिलेला डबा खाली उतरून खायचा आणि संध्याकाळी आमच्याबरोबर परत. राखीव मार्गिकेतून गाडी सुसाट निघते. डावीकडे स्वच्छ दिवशी माउंट रेनिअरचं बर्फ चकाकतं. मी म्हणतो, ‘नाना, बाहेर बघा, रेनिअर.’ नाना टॅब्लेटवरून मान वर काढत नाहीत. ‘तो कुठे जातोय? तू पुढे बघ, मॉन्टलेकला मंद आहे.’ ज्या पुलावरून आपण चाललोय त्याच पुलाचं थोडं शिळं चित्र ते पाहत असतात आणि त्यात आमची गाडी दिसत नाही म्हणून खात्याला नावं ठेवत असतात. पेट्रोलचा निम्मा खर्च मी देतो, म्हणून मला प्रवासी धरतात. मुलाला ते ड्रायव्हर म्हणूनच वागवतात आणि उतरताना त्याच्याकडून लॉगशीटवर सही घेतात.

ऑक्टोबरात नाना पनवेलला परततील. मुलगा म्हणतो, बाबा गेले की घर ओकंबोकं होईल. मला राखीव मार्गिकेची जास्त काळजी वाटते. तेव्हा तळ्यापलीकडे कामाला जाणाऱ्या मराठी माणसांना एकच सांगणं आहे: सकाळी कॅमेरा बघत बसू नका, गाडीत तिसरा माणूस घ्या. हा माणूस एसटीतून निवृत्त झालेला असेल, तर त्याला मागच्या सीटवर बसवा आणि घरी उशिरा यायचं असेल त्या दिवशी बसने जा.