तिसऱ्या रांगेचे मानकरी

भिलाईच्या नेहरूनगरातल्या मराठी घरात गाडी बदलायची ठरली की माणसं चार असतात आणि सीटा मात्र सात लागतात. कारण ठरलेलं: ‘नागपूरला लग्नाला सगळे एकत्र जाऊ.’ भिलाईचा पोलाद कारखाना गेली कित्येक वर्षं भारतीय रेल्वेला रूळ पुरवतो आहे. दुर्गहून नागपूरला डिसेंबर २०२२पासून वंदे भारतही जाते. पण रूळ बनवण्यात उभी नोकरी काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर हायवेनेच जायचं असतं. रेल्वेत कुठे थांबायचं हे त्याला विचारून ठरत नाही, ही मुख्य अडचण.

मग शोरूमच्या वाऱ्या सुरू होतात. ट्रायबर चार मीटरच्या आत सात माणसं बसवते. सातही बसली की डिकीत ८४ लिटर जागा उरते. अर्टिगात २०९. आता लग्नाचं सामान मोजा: आहेराच्या साड्या, इस्त्री मोडू नये म्हणून आडवे ठेवलेले कपडे, चिवड्याचा डबा आणि ‘तिकडे चांगलं मिळत नाही’ म्हणून नागपूरला न्यायचं ते सगळं, जे नागपुरात कोपऱ्यावर मिळतं. शेवटी तिसरी रांग पाडून तिच्यावर बॅगा रचल्या जातात, आणि ज्यांच्या नावाने सात सीटा घेतल्या ते पाहुणे बसने येतात.

सरकारनेही यात आपलं कुटुंबशास्त्र घातलं आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के. त्याहून लांब पेट्रोल गाडीला ४० टक्के. म्हणजे आजीने गुडघे पोटाशी घेतले तर ती गरज, पाय पसरले तर चैन.

खरी गंमत बसण्याच्या क्रमात आहे. पुढे मुलगा आणि शेजारी रस्ता सांगायला वडील. दुर्ग, राजनांदगाव करत हायवे सरळ जातो, तरी. मधल्या रांगेत हल्ली दोन कॅप्टन सीटा मिळतात. घरात आधीच कॅप्टन जास्त, त्यात आणखी दोघांची भर आणि एकूण सीटांत एकाची घट. उरली तिसरी रांग. तिथे ‘नाही’ म्हणता न येणारी मंडळी बसतात: नवी सून, बिनलग्नाची आत्या, स्पर्धा परीक्षा देणारा भाचा. चढताना वाकायचं, उतरताना पुढच्याने सीट पाडेपर्यंत थांबायचं. घरातलं आपलं स्थान इतक्या स्पष्टपणे कुणी तोंडाने सांगत नाही.

१९९४च्या सुमोत निदान समता होती. टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांच्या नावावरून या गाडीचं नाव पडलं. मागे समोरासमोर बाकं, त्यामुळे काकांचे गुडघे मामांना आणि मामांचे काकांना लागत. हाल सगळ्यांचे सारखे, म्हणून तक्रार कुणाचीच नाही.

आज टेस्ट ड्राइव्हला स्टिअरिंग सगळे धरतात, शेवटच्या सीटवर कुणी बसून पाहत नाही. तिथली सोय कशी आहे, हे विकणारा सांगतो आणि घेणारा मान डोलावतो. दोघेही उभे असतात. यावर साधा उपाय आहे. ज्याच्या सहीने गाडी बुक होणार त्याने राजनांदगावपर्यंत तिसऱ्या रांगेत बसून जावं. तिथे कुणाच्या मदतीशिवाय उतरता आलं, तरच चेक फाडावा.