जनरल व्हा, मग हेरखातं सांभाळा: सोलापूरच्या होतकरूंसाठी प्राथमिक पाठ

हे मार्गदर्शन बारावीत शिकणाऱ्या, किंवा बारावी उरकून सात रस्त्यावर चहा घेत पुढचं ठरवणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. उद्दिष्ट साधं आहे. आधी भारतीय सैन्यात जनरल व्हायचं आणि मग देशाच्या गुप्तचर यंत्रणेची खुर्ची पटकवायची. वेळ चाळीसेक वर्षं लागेल. घरी एवढ्यात बोलू नका. बोललात तर दिवेलागणीपर्यंत ही बातमी मावशीच्या व्हॉट्सअॅपवरून हैदराबादच्या काकांपर्यंत जाईल, आणि गुप्तचर म्हणून तुमची कारकीर्द तिथंच आटोपेल.

पात्रतेचं म्हणाल तर सोलापूरच्या पोराला इथं जन्मतःच चार मार्क जास्त आहेत. पूर्व भागात वाढलेलं लेकरू घरात तेलुगू बोलतं, शाळेत मराठी, गल्लीत क्रिकेट खेळताना दखनी, आणि अक्कलकोटकडची आजी कन्नडमधून रागावली तर तेही त्याला अचूक कळतं. एवढ्या भाषा शिकवायला सरकारला वर्ग भरवावे लागतात. उणी बाजू एकच, आवाज. आपल्याकडं गुपितसुद्धा रस्त्याच्या पलीकडून हाक मारून सांगतात: "का बे, कुणाला सांगू नको हां!" ही सवय मोडल्याशिवाय पुढच्या पायरीवर पाय ठेवू नका.

पहिली पायरी, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए. वय साडेसोळा ते साडेएकोणीस असावं. परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. तयारीसाठी साताऱ्याची सैनिक शाळा आहे. १९६१ साली निघालेली, देशातली या प्रकारची पहिली. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सेवापूर्व प्रशिक्षण संस्था १९७७ पासून आहे. २०२२ पासून एनडीएत मुलीही दाखल होऊ लागल्या, त्यामुळं "हे आपल्या पोरींचं काम नाही" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना आता पुरावा दाखवता येतो. लेखी परीक्षेनंतर एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत असते, पाच दिवसांची. तिथं एक धूसर चित्र काही सेकंद पडद्यावर दाखवतात आणि त्यावर गोष्ट लिहायला लावतात. चित्रात अंधार, दोन माणसं आणि एक खिडकी असं काहीबाही असतं. कृपा करून त्या गोष्टीत हेर घालू नका. गावात पूर आला, नायकानं पोरं गोळा केली, पूल बांधला, असं लिहा. मानसशास्त्रज्ञाला पूल आवडतात.

निवड झाली की तीन वर्षं खडकवासला, एक वर्ष डेहराडून, मग खांद्यावर दोन तारे. यापुढची पस्तीसेक वर्षं थोडक्यात उरकतो: बदल्या, बर्फ, वाळू, पुन्हा बदल्या. गुप्तचर व्हायचंच आहे म्हणून सैन्याच्या गुप्तवार्ता शाखेत जाण्याचा मोह होईल. तिची प्रशिक्षण शाळा पुण्यातच आहे, हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघालात की दुपारच्या आत दारात. पण वरचे तारे बहुधा पायदळ, रणगाडे, तोफखाना अशा लढाऊ शाखांच्या वाट्याला येतात. तेव्हा हेरगिरी नंतर, आधी लढाई. लेफ्टनंट जनरल साठाव्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे वेळही फार उरत नाही.

दुसरी पायरी, खुर्ची शोधणं. इथं हे मार्गदर्शन जरा अडखळणार आहे, त्याबद्दल वाचकांनी सांभाळून घ्यावं. ज्या खुर्चीसाठी ही सगळी पायपीट केली, ती आपल्याकडं जनरलला देत नाहीत.

तशी पाटी कुठं लावलेली नाही, पण यादी बघा. इंटेलिजन्स ब्यूरोचे (आयबी) पहिले भारतीय संचालक टी. जी. संजीवी पिल्लै, १९४७, पोलीस. त्यांच्यानंतरचे बी. एन. मलिक, पोलीस. पुढंही पोलीसच. परदेशातली हेरगिरी वेगळी काढून २१ सप्टेंबर १९६८ रोजी 'रॉ' स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव, तेही मूळचे पोलीस. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हे पद १९९८ साली निघालं. ब्रजेश मिश्रांपासून अजित डोवालांपर्यंत पाच जण झाले, कुणी मुत्सद्दी तर कुणी पोलीस. जनरल एकही नाही. आणि जखमेवर मीठ म्हणजे, या शतकाच्या सुरुवातीला 'रॉ'चे प्रमुख झालेले विक्रम सूद भारतीय टपाल सेवेतून आलेले होते. टपाल खात्याला जे साधलं ते दहा-बारा लाखांच्या सैन्याला साधलं नाही. तुमच्या पेठेतल्या पोस्टात खिडकीपलीकडं बसलेल्या माणसाकडं यापुढं जरा अदबीनं बघत चला.

गंमत अशी की हे दुकान मांडलं होतं ते एका जनरलनंच. १८८५ च्या सुमारास सिमल्याला मेजर जनरल चार्ल्स मॅक्ग्रेगर सैन्याचं गुप्तवार्ता खातं चालवत होता. रशिया अफगाणिस्तानातून खाली उतरेल, या धास्तीनं त्याची झोप उडालेली असायची. आयबी आपली वंशावळ तिथपर्यंत नेते आणि जन्मसाल १८८७ सांगते. स्वातंत्र्यानंतर मात्र घर पोलिसांच्या नावावर चढलं. सैनिकाला आत घेतात, नाही असं नाही. १९६२ च्या युद्धानंतर तिबेटी जवानांचं गुप्त दल उभारायला मेजर जनरल सुजनसिंग उबान यांनाच बोलावलं होतं. पण ते ओसरीवर. माजघरात प्रवेश नाही.

असं का, हे समजून घ्यायचं तर सीमेपलीकडं बघा. पाकिस्ताननं १९४८ साली आयएसआय काढली. कल्पना मेजर जनरल कॉथॉर्न यांची, पहिले प्रमुख शाहिद हमीद, तेही लष्करी. तिथं तुमच्यासारख्या होतकरूचा मार्ग आखून ठेवलेला आहे. अश्फाक कयानी आयएसआयचे प्रमुख होते, मग लष्करप्रमुख झाले. असीम मुनीर २०१८ साली आयएसआयचे प्रमुख, २०२२ साली लष्करप्रमुख, २०२५ साली फील्ड मार्शल. एवढी सरळ शिडी जगात क्वचित सापडेल. मात्र ज्या देशात ती आहे तिथं पंतप्रधानाला आपल्याच हेरखात्याची धास्ती वाटते. आपल्या राज्यकर्त्यांनी फौज आणि फायली वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या, त्या मला तरी शहाणपणानं ठेवल्यासारख्या वाटतात. हे पटवायला सोलापूरकराला फार उदाहरणं लागू नयेत. १२ मे ते ३० जून १९३० हे दिवस या गावानं लष्करी कायद्याखाली काढले आहेत. गांधी टोपी घालून रस्त्यावर यायलाही तेव्हा धाडस लागत होतं. ज्याच्या हातात बंदूक, त्याच्याच हातात कोण कुणाशी काय बोललं याचं टिपण गेलं की काय होतं, ते आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलेलं आहे.

याची किंमत मोजावी लागली नाही असं नव्हे. १९९९ साली कारगिलच्या डोंगरांवर माणसं चढून बसली आणि बातमी उशिरा कळली. के. सुब्रह्मण्यम समितीनं नंतर दाखवलं की हेर एका बाजूला, जवान दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या तुकड्यातुकड्यांतल्या बातम्या एका जागी जुळवणारं धड कुणी नव्हतं. म्हणून २००२ साली तिन्ही दलांसाठी संरक्षण गुप्तचर संस्था काढली. पहिले प्रमुख लेफ्टनंट जनरल कमल डावर. तेव्हा निराश होऊ नका. तुम्ही फार नशीबवान निघालात तर या खुर्चीत बसाल. मात्र ती वर्दीवाल्यांनी वर्दीवाल्यांसाठी मांडलेली आहे. देशाचा हेरप्रमुख म्हणून वर्तमानपत्रात जो फोटो येतो, तो तुमचा नसेल.

परदेशात जागा आहेत. अमेरिकेत जनरल वॉल्टर बेडेल स्मिथ १९५० ते १९५३ सीआयएचे प्रमुख होते. जर्मनीत राइनहार्ड गेहलेन यांनी हिटलरच्या फौजेत पूर्व आघाडीची हेरगिरी केली, युद्ध हरताच फायलींसकट अमेरिकनांकडं गेले, आणि १९५६ साली नव्या पश्चिम जर्मनीच्या हेरखात्याचे पहिले प्रमुख झाले. हरलेल्या बाजूनं असूनही बढती कशी मिळवावी, यावर इतकं चांगलं उदाहरण नाही. कित्ता गिरवू नये. जनरल डेव्हिड पेट्रेयस २०११ साली सीआयएत आले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये राजीनामा देऊन गेले. प्रेमप्रकरणातली पत्रं पाठवायची नाहीत, एकाच ईमेल खात्याच्या 'ड्राफ्ट'मध्ये लिहून ठेवायची आणि दुसऱ्यानं उघडून वाचायची, अशी त्यांची युक्ती होती. ती एफबीआयला सापडली. आपल्या कॉलेजातली पोरं याहून बरी काळजी घेतात.

तिसरी पायरी खास सोलापूरची आहे. ही वाट आधी का सांगितली नाही, असं विचाराल. पण मग खडकवासल्याला कोण गेलं असतं? या खुर्चीच्या सर्वांत जवळ, किंबहुना तिच्याही वर, जो सोलापूरकर पोचला तो सैन्यातून गेला नाही. सुशीलकुमार शिंदे यांनी सुरुवात सोलापूरच्या कोर्टात बेलिफ म्हणून केली. १९६५ मध्ये ते फौजदार झाले आणि राज्याच्या सीआयडीत काम करू लागले. १९७१ साली नोकरी सोडली, १९७४ साली करमाळ्यातून आमदार. पुढं मुख्यमंत्री, राज्यपाल, केंद्रीय ऊर्जामंत्री. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारताची वीज लागोपाठ दोनदा गेली. दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन ग्रिड कोसळली. साठ कोटींवर माणसं अंधारात होती, रेल्वे थांबल्या होत्या, आणि त्याच दिवशी शिंदे यांना केंद्रीय गृहखातं मिळालं. आयबी गृहखात्याखाली येते. सीआयडीतल्या एका माजी फौजदारापुढं देशाच्या हेरप्रमुखानं फाइल घेऊन यायचं, हे दृश्य एकाही जनरलच्या वाट्याला आलेलं नाही. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला सकाळी मुंबई हल्ल्यातल्या कसाबला येरवड्यात फाशी झाली. 'ऑपरेशन एक्स' नावाची ती मोहीम उरकेपर्यंत बाहेर कुणाला पत्ता नव्हता. सोलापूरचा माणूस गुपित ठेवू शकतो, हे त्या दिवशी अधिकृतपणे सिद्ध झालं.

चौथी पायरी, निवृत्ती आणि आत्मचरित्र. इथंच सगळे पाय घसरून पडतात. मेजर जनरल व्ही. के. सिंग 'रॉ'मधून निवृत्त झाले, २००७ साली तिथल्या कारभारावर पुस्तक काढलं, आणि चक्क सीबीआय घरी आली. गोपनीयता कायद्याखाली खटला. २०१८ साली 'रॉ'चे माजी प्रमुख दुलत आणि आयएसआयचे माजी प्रमुख लेफ्टनंट जनरल दुराणी यांनी मिळून पुस्तक केलं. दिल्लीत प्रकाशन थाटात झालं. दुराणींना व्हिसा मिळाला नाही, आणि मायदेशी लष्करानं चौकशी लावून त्यांच्या परदेश प्रवासावर बंदी आणली. २०२१ मध्ये आपल्या सरकारनं पेन्शनचे नियम बदलले: गुप्तचर खात्यांतून निवृत्त झालेल्यानं कामाविषयी लिहायचं तर आधी परवानगी. हेर नसलात तरी सुटका नाही. माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांचं आत्मचरित्र २०२४ च्या सुरुवातीला यायचं होतं, ते मंजुरीच्या फायलीत अडकलं.

एसएसबीला गेल्यावर पहिल्याच दिवशी एक माहितीपत्रक भरायला देतात. त्यात छंदांसाठी रकाना असतो. तिथं 'वाचन' लिहा. 'लेखन' लिहू नका.