घाम कसा काढावा : बुलढाणा जिल्ह्यातील गृहस्थांसाठी

घरी सौना बसवायचं पक्कं ठरलं असेल, तर इन्फ्रारेड घ्यावा की स्टीम हा प्रश्न नंतरचा. आधी सांगा, तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे? आपल्या जिल्ह्यात राजूर घाट उतरला की हवा बदलते, पाणी बदलतं आणि सौनाचा हिशेबही बदलतो. वर बुलढाणा, चिखली, मेहकर. हवा सोसवते, म्हणून तर इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं वर ठेवलं. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद. मे महिन्यात पारा ४४च्या पुढे.

माल ओळखून घ्या. इन्फ्रारेड म्हणजे माणूस मावेल एवढं लाकडी कपाट. आतल्या पट्ट्या तापतात आणि त्यांची धग थेट अंगावर येते. हवा ४५ ते ६० अंशांपर्यंतच जाते. दीड-दोन किलोवॅटमध्ये भागतं, गिझरचा प्लग पुरतो. स्टीमला टाइल्सची बंद खोली, पाण्याला उतार, दाराला रबर आणि बाहेर वाफेचं यंत्र लागतं. आत तापमान ४५च्या आसपासच, पण हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. मोठ्या यंत्राला बहुधा थ्री फेज लागतो. शेतातल्या थ्री फेजवर चालेल का, हे विचारू नका. तो बऱ्याचदा रात्री येतो आणि तेव्हा हरभरा भिजवायचा असतो.

मूळ सौना फिनलंडचा. तापल्या दगडांवर पाणी, ८०-९० अंशांची धग. तिथल्या सुमारे ५६ लाख लोकांत ३० लाखांवर सौना आहेत, आणि २०२० मध्ये युनेस्कोने ही परंपरा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. दार उघडलं की त्यांच्या समोर बर्फ असतो. आपल्या समोर काय असतं, ते एकदा दुपारी दोन वाजता दार उघडून बघा.

विक्रेता म्हणेल, किरणं आतपर्यंत शिरतात आणि शरीरातली विषं घामावाटे काढतात. मान डोलवा, पण पाकीट काढू नका. ही किरणं कातडीच्या वरच्या थरातच जिरतात. घामात मुख्यतः पाणी आणि मीठ असतं. विषाचं खातं यकृत आणि मूत्रपिंडाकडे आहे. उतरलेलं वजन तर दोन तांबे पाण्यात परत येतं.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या वाचकांसाठी विशेष सूचना. आपला पट्टा खारपाणाचा. बोअरचं पाणी वाफेच्या यंत्रात घातलं, तर वाफ उडून जाईल आणि क्षार कॉइलला बिलगून बसतील, मग मेकॅनिक छिन्नी घेऊन येईल. आता एवढं एकच वाक्य गंभीरपणे घ्या: मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्हींपैकी कशातही बसू नका.

एवढा खर्च करण्याआधी चरकसंहिता उघडा. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात घाम काढायचे तेरा प्रकार अग्नीचे दिले आहेत आणि दहा बिनअग्नीचे. अग्नीच्या प्रकारांत जेंताक नावाची गोल खोली आहे, मध्ये भट्टी. रोग्याला तंबी अशी की घेरी आली तरी बसायचा कट्टा सोडू नकोस, दार सापडणार नाही आणि प्राण जातील. इतकं स्पष्ट माहितीपत्रक आजची कोणती कंपनी छापते? पण आपल्या कामाचे आहेत ते बिनअग्नीचे दहा : व्यायाम, गरम घर, जड पांघरूण, भूक, भरपूर मद्यपान, भीती, राग, लेप, युद्ध आणि ऊन. हे वाचून वाटतं, आचार्य मे महिन्यात नांदुऱ्याच्या एखाद्या लग्नाला येऊन गेले असावेत. नवरदेवाची शेरवानी म्हणजे जड पांघरूण. मुहूर्त साडेबाराचा, वरात तीनला पोचते, म्हणजे भूक. वरातीपुढे नाचणाऱ्यांचा व्यायाम झाला, मद्यपान कशामुळे ते विचारू नये. मंडपाला टिनाचं छत, म्हणजे गरम घर. मानपानावरून राग, आचाऱ्याच्या बिलाची भीती आणि पंगतीत जागा धरताना युद्ध. ऊन फुकट. हळदीचा लेप आदल्या दिवशीच झालेला असतो. दहाच्या दहा प्रकार, तेही आहेरात.

घाटाखाली इन्फ्रारेडची सोय अशी आधीच आहे. टिनाच्या खोलीत पंखा बंद करून बसलं की झालं. स्टीमसाठी मृगाची वाट पाहावी लागते. पहिला पाऊस पडून उघडीप झाली की खिडक्या लावून कूलर चालू करा. महिनाभर ज्याने जगवलं तोच कूलर आता खोलीत नुसतं बाष्प भरतो. उशी ओली, वर्तमानपत्र मऊ, डब्यातलं मीठ पाझरतं. दारं-खिडक्या उघडल्या की सत्र संपलं.

तरीही दोन्हींत मन अडकलं असेल, तर अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबा. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला त्या संध्याकाळी घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचं भाकीत सांगतात. पाऊस भरपूर म्हणाले तर स्टीम आपोआप मिळणार, इन्फ्रारेड घ्या. पाऊस कमी म्हणाले तर इन्फ्रारेड आकाशातून मिळणार, स्टीम घ्या. भाकीत चुकलं तर तक्रार कुठे करायची, याची सोय अजून झालेली नाही. विक्रेत्याच्या वॉरंटीचंही तेच आहे.

माझं विचाराल तर सौना घ्यावा तो बुलढाणा शहरात, इन्फ्रारेडच, आणि वापरावा डिसेंबर-जानेवारीत, पहाटे कानटोपी सुटत नाही तेव्हा. अर्थिंग तपासून घ्या, पाव तासाच्या वर बसू नका, आधी पाणी प्या. आणि मे महिन्यात मलकापूरचे मेहुणे हवापालटाला वर आले, तर त्यांना कौतुकाने आत बसवू नका. दहा मिनिटांनी ते दार किलकिलं करून विचारतात, ‘‘भाऊजी, हे चालू कवा करता?’’