राखणदार पाहिजे, स्वभावाने गरीब

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते आणि तापीच्या काठावर घोडेबाजार उभा राहतो. तिथे घोडा घेणारा घाई करत नाही. दात बघतो, चाल बघतो. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलं तर ‘पंचकल्याणी’ म्हणून मान डोलावतो, गळ्याशी देवमणीचा भोवरा आहे का ते बोटाने चाचपतो. एवढा पारखी माणूस, पण त्याला राखणीसाठी कुत्रा कोणता घ्यावा असं विचारलं तर तो आपल्याकडेच संशयाने बघेल. “कुत्रं कोनी इकत लेस का, भाऊ?” त्याचंही खरंच आहे. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना आपण चार वेद मानतो, आणि वेद कुणी बाजारात उभे केल्याचं ऐकिवात नाही.

नंदुरबार-शहाद्याच्या नव्या वसाहतींत मात्र आता कुत्रा विकत घेतला जातो. बंगला बांधून झाला, गेटला कॅमेरा लागला, की घरात चर्चा सुरू होते. कुत्रा घरात गरीब हवा आणि दारात वाघ. मुलांवर माया करावी, चोरावर धावावं. केस गळू नयेत. भुंकावं, पण दुपारी नको, साहेब झोपतात. या यादीपुढे लग्नाच्या स्थळाकडून ठेवलेल्या अपेक्षाही माफक वाटाव्यात.

मग शोध सुरू होतो. लॅब्राडोर प्रेमळ, पण शिकाऱ्याने पाडलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणून देणं हा त्याचा खानदानी पेशा. चोर आला तर चोराची चप्पलही तो आपुलकीने आणून देईल. जर्मन शेफर्ड खरा राखणदार. मात्र मूळचा मेंढ्या राखणारा, त्याला दिवसभर काम लागतं. साखळीला बांधून ठेवला की तो दूधवाल्यालाही दरोडेखोर ठरवतो. हस्कीचा जन्म बर्फात गाडी ओढण्यासाठी. खान्देशातल्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तो बिचारा कुलरसमोरून हलत नाही. राखण होते ती फक्त कुलरची. रॉटवायलरचा दरारा मोठा. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून ज्या २३ जाती बंद करायला सांगितल्या, त्यात तोही होता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. शेजाऱ्यांची भीती रद्द करणारं न्यायालय मात्र अजून सापडायचं आहे. आपला मुधोळ हाउंड २००५ साली टपाल तिकिटावर झळकला, उन्हालाही तो सरावलेला. पण तो सशामागे सुसाट धावणारा गडी. दोन गुंठ्यांच्या प्लॉटात त्याची दौड सुरू होण्याआधीच कंपाउंड संपतं.

तळोदा-शहाद्याकडे उसाच्या मळ्यात राहणाऱ्यांचा हिशेब वेगळा. तिथे उसात बिबट्या असतो. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे ज्याच्या भरवशावर आपण पांघरूण ओढून झोपतो, त्याच्याकडे उसातलं कोणी तरी जेवण म्हणून बघत असतं. ओसरीला साखळीने बांधलेल्याला तर पळायचीही सोय नाही. त्यामुळे मळ्यात राखणदाराला रात्री घरात घ्यावं लागतं आणि दाराला कडी आपणच लावावी लागते. यात कोण कुणाला राखतं, हे विचारू नये.

एकमेकांना राखण्याची ही देवघेव सातपुड्यातल्या लोकांना कुणी शिकवावी लागत नाही. धडगाव-मोलगीकडे घरं शेतातच, एकमेकांपासून लांब लांब. तिथलं गावठी कुत्रं दिवसा शेळ्यांमागे जातं, रात्री अंगणात पडतं आणि जी भाकर घरात तीच त्याला. त्याच्या जातीची चौकशी कुणी करत नाही. पाहुणा खालच्या वळणावर असतो तेव्हाच वर घरात कळलेलं असतं. चावण्याची जबाबदारी ते आपल्याकडे घेत नाही. वर्दी दिली की त्याचं काम झालं. पुढचं माणसांनी बघायचं. आणि वर्दी ते देतं ती पगारासाठी नव्हे. ते घर त्याला स्वतःचं वाटतं, एवढंच कारण.

म्हणून माझं मत सरळ आहे. सोबतीसाठी कुत्रा आणलात तर राखण आपोआप पदरात पडते. नुसत्या राखणीसाठी आणून गेटला बांधलात, तर सोबत मिळत नाही आणि राखणही बेभरवशाची. गल्लीत एखादं गावठी पिल्लू तुमच्या मागे मागे येत असेल तर पारख त्याने केलेली आहे. तुम्ही फक्त होकार द्या. त्याला घरात वावरू द्या, माणसांची सवय लावा. ते तीन महिन्यांचं झालं की त्याला रेबीजची लस टोचून घ्या आणि पुढे दरवर्षी टोचायला विसरू नका.