पाठवलंय, वाचा!

महाराष्ट्रात वाचक किती उरले आहेत हे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. लेखक मात्र कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सहा वाजता मोजता येतात. दूधवाला यायच्या आत एक ललित, दोन चारोळ्या, एक पुस्तकपरिचय आणि गुडघेदुखीवरचा स्वानुभव येऊन पडलेला असतो. प्रत्येकाखाली निळी लिंक आणि लिंकखाली विनंती: आवडल्यास नावासह पुढे पाठवावे. न आवडल्यास काय करावे, याविषयी लेखकवर्गात अद्याप एकमत झालेले नाही.

हाच लेखकवर्ग संध्याकाळी भेटला की कपाळाला हात लावतो. काय हो हा माहितीचा महापूर, माणसाने वाचायचे तरी काय काय! जरा कान देऊन ऐकले तर उलगडा होतो. दुसऱ्यांनी पाठवलेले असते तो महापूर, स्वतःचे असते ते तीर्थ. अमेरिकेचे हर्बर्ट सायमन, ज्यांना पुढे 1978 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यांनी 1971 सालीच सांगून ठेवले होते की माहिती भरमसाट झाली की टंचाई पडते ती माणसाच्या लक्षाची. एकाही फॅमिली ग्रुपमध्ये नसताना त्यांना हे कळले, याचे आम्हाला राहून राहून कौतुक वाटते.

आमचे एक स्नेही सहकारी बँकेतून निवृत्त झाले आणि थेट साहित्यात शिरले. लेख लिहायला त्यांना तासभर लागतो, पोचवायला उरलेला दिवस. सोसायटीचा ग्रुप, शाळेतल्या वर्गमित्रांचा ग्रुप, टेकडीवर फिरणाऱ्यांचा ग्रुप, व्याह्यांकडचा ग्रुप असा त्यांचा वितरण विभाग आहे. गावच्या देवस्थानच्या ग्रुपवर, पालखीच्या वेळापत्रकाखाली, त्यांनी 'पाऊस आणि मी' टाकला, तेव्हा ॲडमिनने 'ग्रुपच्या उद्देशाला धरूनच पोस्ट टाकाव्यात' अशी समज दिली. खेड्यापाड्यांत वाचनसंस्कृती रुजत नाही ती अशाने, असे स्नेह्यांचे मत पडले. व्हॉट्सॲपने 2022 या एकाच वर्षात ग्रुपची मर्यादा 256 वरून 512 आणि तिथून 1024 वर नेली, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. कवितासंग्रहाची आवृत्ती निघते पाचशेची, इथे एका टिचकीत हजार! त्या हजारांतले निम्मे ग्रुप म्यूट करून बसलेले असतात आणि उरलेले आपापला लेख टाकायला आलेले असतात, हे त्यांनी हिशेबात धरलेले नाही. बँकेत असते तर धरले असते.

फेसबुकवरचे त्यांचे तंत्र आणखी पुढारलेले आहे. लिंक असलेली पोस्ट फेसबुक लोकांना कमी दाखवते, असा लेखकांत ठाम समज आहे. म्हणून वर नुसते लिहायचे, 'लिंक पहिल्या कमेंटमध्ये'. एखादा उत्सुक वाचक (असा निघतो एखादा) खाली जातो, तर तिथे 'अभिनंदन सर', 'खूप छान', 'पुढील लेखनास शुभेच्छा' यांची रांग लागलेली. कमेंट वरखाली लावायचे काम फेसबुक आपल्या मर्जीने करते, त्यामुळे पहिली कमेंट पहिली राहीलच असे नाही. वाचक शोधून शोधून दमतो आणि आलोच आहोत तर म्हणून तिथेच 'खूप छान' लिहून परत फिरतो.

एखादे मोठे माणूस गेले की तर सुगीच. बातमी खरी की खोटी हे कळायच्या आत 'त्यांची आणि माझी अविस्मरणीय भेट' तयार असते. भेट म्हणजे एका सभागृहाच्या जिन्यात त्यांनी 'जरा सरकता का?' असे विचारलेले असते. श्रद्धांजलीच्या शेवटी 'त्यांच्यावर मी पूर्वी लिहिलेला लेख इथे वाचा', आणि लिंक.

हा सगळा व्यवहार लग्नातल्या आहेरासारखा आहे. तुम्ही माझ्या लेखाला अंगठा दिलात, मी तुमच्या कवितेला बदाम देईन. कोणाकडून काय आले आणि कोणाचे यायचे राहिले, याची नोंद डोक्यात पक्की असते. फेसबुकने 2009 साली लाइकचे बटण आणले आणि न वाचता दाद द्यायची रीतसर सोय झाली. दीड हजार शब्दांचे ललित पाठवल्यावर पाचव्या सेकंदाला 'निःशब्द!' अशी प्रतिक्रिया येते. ती शंभर टक्के प्रामाणिक असते, कारण लेखातला एकही शब्द तिथवर पोचलेला नसतो. जोडलेले हात तर सर्वांत सोयीचे. आभार मानले की शरण आलो, ते ज्याचे त्याने ठरवावे.

खरी लोकप्रियता मिळालीच, तर तीही सुखाने पचत नाही. अफवांना आळा घालायला व्हॉट्सॲपने 2018 मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल असे केले. 2020 मध्ये तर फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ लागला. म्हणजे लेख जितका गाजेल तितका अडखळणार. आणि गाजता गाजता सर्वांत आधी गळते ते लेखकाचे नाव. 'नावासह' या विनंतीचा वाचक मान राखतात, फक्त नाव आपल्या पसंतीचे घालतात. पु. ल. देशपांडे 2000 साली गेले, व. पु. काळे 2001 साली. व्हॉट्सॲप आले 2009 मध्ये. तरीही तिथे सर्वांत नियमितपणे लिहिणारे मराठी लेखक हे दोघेच आहेत.

एके काळी हा पूर संपादकाच्या एका चिठ्ठीवर अडत असे. 'साभार परत' एवढेच तिच्यावर लिहिलेले असायचे. कथेसोबत स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेले पाकीट लेखकानेच पाठवायचे, म्हणजे नकाराचा खर्चही त्याच्याच बोडक्यावर. 'मनोरंजन' मासिकाने 1909 साली दिवाळी अंक काढला; त्यानंतर लेखकांच्या किती पिढ्यांनी दिवाळीच्या आधी ते पाकीट परत येऊ नये म्हणून देव पाण्यात घातले असतील. संपादकांनी पुष्कळ चांगलेही परत पाठवले आणि ओळखीच्यांचे सुमार छापले, हेही खरे. आडगावच्या, कोणाशी ओळखदेख नसलेल्या मुलीला आज कोणाच्या दारात उभे न राहता लिहिता येते, हे फार उत्तम झाले. ते बंद व्हावे असे आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही. पण नाही म्हणायचे काम तेव्हा एक पगारी माणूस करत असे. आता ते तुमच्याआमच्यावर बिनपगारी येऊन पडले आहे, आणि आपली जीभ काही रेटत नाही.

म्हणून मग व्यवस्थापन. नंतर वाचू म्हणून कोणी मेसेज तारांकित करून ठेवतो, कोणी ग्रुपच अर्काइव्हमध्ये ढकलतो. तारांकित केलेला लेख पुन्हा उघडल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. आमच्या स्नेह्यांनी मध्यंतरी डिजिटल उपवास धरला. धरणार असल्याची पोस्ट आदल्या दिवशी सर्वत्र टाकली. उपवासाच्या दिवशी तिला लाइक किती आले हे बघायला सुनेचा फोन मागितला. आणि पारण्याला 'माझे मौन' हा तीन भागांतला लेख! एकादशी, दुप्पट खाशी.

वाचकहो, उपाय एकच आहे आणि तो फुकट आहे. लेख पाठवणाऱ्याचा दुसऱ्या दिवशी फोन येईल, 'वाचलात का?' तेव्हा 'निम्मा झालाय', 'काय ओघवतं लिहिता हो' असले काही न बोलता सरळ 'नाही वाचला' म्हणा. आणि ज्याचा खरोखर वाचलात, त्याला बदाम न पाठवता फोन लावा आणि कुठे पटले नाही ते सांगा. रागावून त्याने तुम्हाला पाठवायच्या यादीतून काढलेच, तर तक्रार करू नका.