बिघडायच्या आधी

माजी सैनिक वारला की शोकसभेत एक शब्द हमखास येतो: शिस्त. सातारा जिल्ह्यात, पहिल्या महायुद्धात 46 माणसं गमावलेल्या आणि नावापुढे 'मिलिटरी' लागलेल्या अपशिंग्याच्या आसपास तर वक्त्यांना हे भाषण तोंडपाठच असतं. पहाटे चारला उठायचे, वेळेचे पक्के, करारी बाणा. माणूस हवालदार म्हणून परतलेला असला तरी गावाने त्याला कधीच 'मेजर' करून टाकलेलं असतं, त्यामुळे भाषणात सीमेवरच्या गोळ्याही थोड्या वाढतात. यात त्याचा खरा गुण सुटतो, असं माझं म्हणणं आहे. पहाटे चारला दूधवालाही उठतो. वस्तू बिघडायच्या आधी तिच्याकडे बघणारा माणूस मात्र आपल्याकडे जवळपास मेजर एकटाच.

पुरावा हवा तर त्याच्या घरची मोरी पाहावी. फौजेत रायफलची नळी साफ करायला पुलथ्रू असतो. दोरीच्या एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाच्या फासात चिंधी. वजन नळीतून खाली सोडायचं आणि दोरी एका दमात ओढून काढायची. मेजर हीच युक्ती मोरीच्या पाइपाला लावतो. वजनाला मोठा नट, चिंधीला जुना बनियन, आणि हे सगळं मोरी छान वाहत असताना! मृगाआधी पन्हळ साफ, वापर नसेल तर टॉर्चमधले सेल बाहेर. नातवंडांना जरंडेश्वराच्या डोंगरावर न्यायचं असलं की आदल्या रात्री बुटांच्या नाड्या आणि बाटल्यांची झाकणं तपासली जातात. वर पोचल्यावर पोरं वडापावचा विषय काढतात, तेव्हा आजोबा पावसाचं पाणी कुठल्या घळीतून उतरेल ते दाखवत असतात.

यावर कोणी म्हणेल, शेतकऱ्याचं पोर हातचं कामसू असतंच, त्यात फौजेचं काय? शेतकरी दुरुस्ती झकास करतो, पण मोटार बंद पडल्यावर. चालत्या मोटारीला हात लावायला त्याला सवड कुठली? फौजेत चालत्या गाडीचीही मेंटेनन्स परेड होते, कारण लडाखात ती बंद पडली तर नाक्यावरच्या मेकॅनिकला हाक मारता येत नाही. बरं, शिपायाला पंधरा वर्षांच्या नोकरीवर पेन्शन लागू होते. म्हणजे ही खोड लागलेला धडधाकट माणूस चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतो, आणि समोर रेजिमेंट नसते, एक स्वयंपाकघर असतं.

घरच्यांचा आक्षेप जास्त वजनदार आहे. या माणसाने दोन शब्द कधी प्रेमाने बोलून दाखवले नाहीत, म्हणे. खरं आहे. पण नोकरीत वर्षाची 60 दिवसांची रजा, तीत लाडीगोडी बसवायची कुठे? पुढचे महिने बायकोला कुणाची मिनतवारी करावी लागू नये म्हणून तो कडीकोयंडे, कौलं, नळाचे वायसर बघून परत जायचा. माया होती, ती पान्ह्याने आवळलेली होती, एवढंच. निवृत्तीनंतर रजा संपेनाशी झाली आणि ती मायाही जरा जास्तच घट्ट आवळली गेली, हेही कबूल करायला हवं.

राहता राहिला प्रश्न, त्याच्या हातून सगळं नीट व्हायचं का. मिक्सर त्याने खोलला की जोडून झाल्यावर दोन स्क्रू उरायचे. मिक्सर चालायचा, पण बायको चटणी पाट्यावर वाटायची. आता घरात बाहेरचा मिस्त्री येतो, पंपाचं झाकण काढतो, आत जुन्या सायकलच्या ट्यूबची तंतोतंत कापलेली पट्टी बघतो आणि विचारतो, "हे कुणी केलंय?" हे कौतुक की तक्रार, ते घरच्यांना ठरवता येत नाही. मिस्त्री मात्र ती पट्टी आहे तशीच ठेवून झाकण लावतो.