नाव घेऊन मागा

गाडीत इंजिन ऑइल टाकायचं असलं की आपला माणूस कंपनी सांगतो, ग्रेड सांगतो, डब्याचं सील तपासतो. तोच माणूस लातूरच्या गंजगोलाईत येऊन म्हणतो, "एक किलो तूरडाळ द्या." कुठली, कुठल्या गावची, पॉलिशची की बिनपॉलिशची, काही विचारत नाही. इंजिनाची एवढी काळजी घेता, तर पोटाचीही घ्या. आणि ज्या गावानं ती डाळ पिकवली, त्याचं नाव तरी तोंडावर येऊ द्या.

2024 मध्ये लातूर जिल्ह्यातल्या तीन जिनसांना भौगोलिक मानांकन मिळालं. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर. हे मानांकन दहा वर्षांचं असतं, पुढे त्याचं नूतनीकरण करावं लागतं. नाव वापरायचा हक्क नोंदणी केलेल्या उत्पादकांनाच असतो. कायद्यानं आपलं काम केलं. आता काम गिऱ्हाइकाचं आहे. कुणी नाव घेऊन मागितलंच नाही, तर दुकानदार वेगळं पोतं कशाला लावेल? वेगळं पोतं नाही तर वेगळा भाव नाही. आणि भावच नसेल, तर शेतकऱ्यानं ते पीक जपायचं कशाच्या जोरावर?

डाळ घेताना मूठभर तळहातावर घ्या आणि चोळून बघा. तेलाचा किंवा पाण्याचा हात देऊन चकाकवलेली डाळ गुळगुळीत लागते, बोटांतून निसटते. बिनपॉलिशची डाळ मळकट पिवळी दिसते, तळहातावर थोडी पूड सोडते. दिसायला ती डावी वाटेल. घ्यायची मात्र तीच. गोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात, सोन्यापासून गुळापर्यंत सगळ्याचा बाजार तिथं आहे. एवढ्या दुकानांत रोज दहा जणांनी "बोरसुरीची आहे का?" असं विचारलं, तरी महिन्याभरात पाटी लागेल.

आता रस्त्याचं बघा. तुळजापूरहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 361 म्हणजे आपल्या भागाचं चालतंबोलतं दुकान आहे. उजनीला बासुंदी, लातूर ओलांडून पुढे आष्टामोडचा चिवडा, नांदेडच्या पलीकडे अर्धापूरची केळी. मिरची हवी असेल तर वाट वाकडी करून धर्माबाद गाठा. तरीही आपल्या गाडीत समोरच्या कप्प्यात काय असतं? कुठेही मिळणारं वेफर्सचं पाकीट. लेकरांना उजनी माहीत नसेल, तर चूक लेकरांची नाही. आपण गाडी थांबवत नाही.

गाडीच्या डिकीत काय असावं, याच्या याद्या सगळीकडे फिरतात. त्यातलं जॅक, पाना, टॉर्च, दोरी हे ठेवाच. पण मराठवाड्यातल्या डिकीत एक घोंगडी असलीच पाहिजे. मार्गशीर्षाच्या अखेरीस लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथं ती घ्यावी. हा गाव लातूर-नांदेड रस्त्यावरच आहे. मेंढीच्या लोकरीची, हातमागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी हाताला खरखरीत लागते आणि तिचं बळ त्या खरखरीतच आहे. भर उन्हात चाक बदलायला बसलात तर गुडघ्याखाली टाका, डांबराचा चटका लागत नाही. पहाटेच्या प्रवासात म्हाताऱ्या माणसाच्या पायावर टाका. अवकाळी पावसानं गाठलं तर अंगावर घ्या, लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. एवढी कामं करणारी दुसरी वस्तू दाखवा. ती विणणारे हात कमी होत चालले आहेत, कारण मागणी कमी झाली आहे. एक घोंगडी घेतलीत तर मागावर पुढची चढते.

आणि पाण्याचा कॅन. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या फेरीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी होतं. त्या उन्हाळ्यात झाकणाचा ड्रम, नळी आणि कॅन यांची किंमत ज्यानं अनुभवली, त्याला वेगळं सांगायला नको. डिकीत भरलेला एक कॅन कायम ठेवा. रेडिएटर तापला तर इंजिन थंड झाल्यावर उपयोगी पडतो, रस्त्यावर अडकलेल्या दुसऱ्याला तर लगेच.

गिऱ्हाइकाला एवढं सांगितल्यावर व्यापाऱ्यांनाही सांगणं आहे. पाकिटावर गावाचं नाव ठळक छापा आणि नोंदणी असेल तर तीही छापा. बचत गटांना लातूर आणि नांदेडच्या बसस्थानकावर कायमची जागा द्या, प्रदर्शनाचे चार दिवस पुरत नाहीत. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला देशभरातून माणसं येतात. त्यांनी लोखंडी कड्याबरोबर धर्माबादची मिरची आणि बोरसुरीची डाळही घेऊन जावी, एवढी सोय आपल्याला करता आली पाहिजे.

येत्या बाजाराला पिशवी घेऊन निघाल तेव्हा तीन नावं पाठ करून जा: बोरसुरी, पानचिंचोली, कास्ती. दुकानदार "नाही" म्हणाला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.